मेंढरांच्या रजिस्टरातलं वास्तव्य

मायाक्का,

हे पत्र तुला वाचता येणार नाही. तुझी लेक संस्कृती वाचून दाखवेल. मध्येच लाजून ती काही ओळी गाळेल, तेव्हा तिला सांग, बाईंनी लिहिलंय तेवढं सगळं वाच. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीनं अर्धवट वाचायची सवय लावून घेऊ नये.

आणखी एक. हे मी छापायला देणार आहे. त्यामुळे तुला पाठ असलेल्या गोष्टीही यात येतील. कंटाळू नकोस. कंटाळलीस तरी चालेल म्हणा, मीही वीस वर्षं तुझ्या मेंढरांची दुखणी ऐकली आहेत.

तर मैंदर्गीच्या अलीकडे माझं नऊ एकर कोरडवाहू रान आहे. नवऱ्याच्या पश्चात ते माझ्या गळ्यात पडलं. मी सोलापुरात जीवशास्त्र शिकवणारी बाई, मला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच वर्षी बांधावर उभी राहून मी तुझा कळप बघत होते. ज्वारी निघून मोकळ्या झालेल्या रानात मृगाच्या सुमारास मेंढरं बसवायची, भोवती जाळीची वाघूर लावायची, चार-सहा रात्रीत लेंड्यांनी रान खतावतं, आणि त्याबद्दल मेंढरंवाल्याला धान्य द्यायचं, ही आपल्याकडची रीत. मला ती नवीन होती. मी पुढे पुढे जात होते. तू लांबूनच ओरडलीस, "ओ बाई, बाजूला व्हा की! बुजत्यात!" शाळेत सहाशे मुलांना गप्प बसवणारी मी, मुकाट्यानं बाजूला झाले. तीच आपली ओळख.

उंच, सावळी, पाठीवर घोंगडं, कमरेला विळा, आणि आवाज असा की दोन शेतं ओलांडून जावा. मोजणार कानडीत, भांडणार मराठीत. माहेर इंडीकडचं, म्हणजे कर्नाटकातलं. सासर आपल्याकडच्या वाडीत. मधे सीमा आहे हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मेंढरांना तर अजिबातच नाही. दिवाळीनंतर चाऱ्यामागं पल्याड जायचं, मृगाच्या तोंडावर अल्याड यायचं. संस्कृती जन्मली ती अशीच पल्याड, इंडीच्या शिवारात, बोरीच्या झाडाखाली, भोवती दोनशे मेंढरं. तिथल्या नर्सबाईनं चांगुलपणानं जन्माची नोंद करून दाखला हातात दिला. तू तो अठरा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपलास. नर्सबाईचा चांगुलपणा आणि तुझं जपणं, दोन्ही पुढे अंगाशी आलं.

ते सांगतेच. आधी हे सांगते की मुलगी माझ्या घरी आली कशी. दहावीला तिला ब्याण्णव टक्के पडले त्या वर्षी मेंढरं बसवून झाली आणि मी नेहमीप्रमाणे ज्वारीची पोती बाहेर काढली. तू हात लावला नाहीस.

"ज्वारी नको औंदा."

"मग काय पाहिजे?"

"पोरगीला ठिवून घ्या सोलापुरात. सायन्सला."

"सायन्स म्हणजे काय असतं, ठाऊक आहे का तुला?"

"तुमी शिकिवता त्येच की."

"अगं, मी रिटायर होऊन चौदा वर्षं झाली!"

"मग तर रिकाम्याच हायसा."

मी पोती पुन्हा आत ठेवली. मुलगी आली. दोन वर्षं राहिली. पहाटे उठायची, मला चहा करून द्यायची, मी तिला पेशींची रचना घोटवून घ्यायची. ती माझ्यापेक्षा हुशार निघाली आणि मला ते पहिल्या तीन महिन्यांतच कळलं. एकदा तिनं माझी चूकही काढली, खाली मान घालून, पण काढली. नीटची परीक्षा झाली, निकाल लागला. मार्क असे की राज्याच्या यादीत सरकारी कॉलेज नक्की, देशाच्या यादीत मात्र काही खरं नाही.

वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट करते. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत शंभरातल्या पंच्याऐंशी जागा राज्यातल्या मुलांच्या, पंधरा साऱ्या देशाच्या. राज्यातला कोण हे ठरवायला दहावी-बारावी इथली लागते आणि शिवाय रहिवासाचा दाखला, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात. जन्म महाराष्ट्रातला असेल तर काम सरळ. नसेल तर पंधरा वर्षं इथे राहिल्याचा पुरावा द्या.

आता माझी चूक. जातीचे कागद, पडताळणी, सगळं मी आधीच करून घेतलं होतं. डोमिसाईलला म्हणाले, त्यात काय, मुलगी पहिलीपासून आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, चार दिवसांचं काम. तिचा जन्मदाखला मी उघडूनही पाहिला नव्हता. निकाल लागल्यावर पिशवीतून काढला, तर सगळा कानडीत. सोलापुरात राहून मला कानडी अक्षर येत नाही, याची लाज त्या दिवशी वाटली. पण खालचा इंग्रजीतला जिल्हा मात्र वाचता आला.

मी हिशेब केला. शाळेत नाव घातलं जून दोन हजार तेराला. तिथपासून बारा वर्षं. हवीत पंधरा. तीन कमी.

प्रवेशाच्या अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस.

तालुक्याच्या ऑफिसात दाखल्याच्या टेबलावर जे भाऊसाहेब होते ते वाईट नव्हते, हेही लिहिते. नियमाप्रमाणं बोलत होते. पण तुझ्यासारखं माणूस त्यांच्यापुढे याआधी बसलं नसावं.

"राहायला कुठं?" त्यांनी विचारलं.

आता इथं कुणीही शहाणा माणूस वाडीचं नाव सांगून मोकळा झाला असता. तू म्हणालीस, "मेंढरं असतील तितं." आणि थांबलीस का? नाही. गावंच मोजायला लागलीस. इंडी, सिंदगी, अफझलपूर, आळंद. कुठलं पाणी गोड, कुठला पाटील चांगला. मी टेबलाखालून तुझ्या पायावर पाय दिला. तू मोठ्यानं विचारलंस, "पाय का दाबताय, बाई?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "ही सगळी गावं कर्नाटकातली आहेत, मावशी."

"व्हय की. चारा चांगला हाय तितला."

मी मध्ये पडले. म्हणाले, हा कळप वीस वर्षं माझ्या रानात बसतोय, मी प्रतिज्ञापत्र देते. ते म्हणाले, "विजयमालाबाई, रान तुमचं आहे. त्यांचं घर नव्हे. पत्र नको, त्या तीन वर्षांचा सरकारी कागद आणा."

"कोणता?"

"लाईट बिल."

"वाघूरला लाईट नसते."

"अंगणवाडीत नाव?"

ते नव्हतं. पोर तेव्हा तुझ्या पाठीवर असे. रेशन कार्ड सासऱ्याच्या नावावर, त्यात तिचं नाव दोन हजार चौदाला चढलेलं. मतदार यादीत तूही उशिराच आलीस. एकेक करत सगळे संपले. मग संस्कृतीनंच हळूच विचारलं, "मग कर्नाटकात अर्ज करता येईल का?" भाऊसाहेब म्हणाले, तिथं त्यांना तिथल्या शाळेची वर्षं लागतात. म्हणजे एक राज्य म्हणतं जन्म दाखव, दुसरं म्हणतं शाळा दाखव, आणि अठरा वर्षांची मुलगी मधल्या बांधावर उभी.

बाहेर रसवंतीच्या बाकावर आपण बसलो. मुलगी रडली नाही, नुसती अर्जाची पावती घडी करत राहिली. मी खूप बोलले, सरकारला, नियमाला, मलाच. तू ग्लास खाली ठेवलास आणि विचारलंस, "तीन वर्सं म्हंजी कोन्ची?"

"दहा, अकरा, बारा."

"त्ये आकडं न्हाय कळत. शाळंच्या आधीची तीन?"

"हो."

"अवो, ती तर हिच्या बाच्या पायाची वर्सं."

नवऱ्याचं, सिद्धाप्पाचं, नाव तू आजही घेत नाहीस. त्याचा पाय ट्रॅक्टरखाली आला होता, तीन वर्षं तो खाटेवर होता, आणि त्या तीन वर्षांत तू पल्याड गेलीच नव्हतीस. दीर आपला कळप घेऊन जायचा. तू वाडीच्या चौफेर पाच-सहा मैलांत, जे खुरटं मिळेल ते चारून कळप एकटीनं जगवलास. नवऱ्याला बघायचं, पोरगी पाठीवर. लोक म्हणत होते विकून टाक. तू विकला नाहीस. हे तू मला त्या बाकावर पहिल्यांदा सांगितलंस. वीस वर्षांत लाळ-खुरकूत, देवी, जंत, सगळं सांगितलंस, हे नाही.

मी म्हणाले, "मायाक्का, हे सगळं खरं. पण कागद कुठाय?"

"सुया टोचल्यात की."

"कुणाला?"

"मेंढरांस्नी. पावसाच्या आदी, पावसाच्या मागनं, आन संक्रांतीला. त्यो दवाखान्याचा माणूस मोट्या वहीत लिवायचा. माजा अंगठा घ्यायचा परत्येक बारीला."

मी त्या बाकावरून ज्या वेगानं उठले तो वेग माझ्या गुडघ्यांना अजून आठवतो.

जनावरांच्या दवाखान्यातले हल्लीचे डॉक्टर तरुण. म्हणाले, इतकी जुनी रजिस्टरं कुठं असतील देव जाणे, पंचाक्षरी अण्णांना विचारा. पंचाक्षरी अण्णा म्हणजे तिथले निवृत्त पर्यवेक्षक. घरी गेलो तर अण्णा झोपाळ्यावर. मी काही सांगायच्या आत तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बाई! हिनं मला सुई उकळायला लावली होती भर उन्हात. म्हणे, आदल्या कळपाची सुई माझ्या मेंढराला नको."

"मग बरुबरच हाय की," तू म्हणालीस.

"बरोबर होतं गं. म्हणून तर लक्षात राहिलीस."

अण्णा आपल्याबरोबर दवाखान्यात आले. तिथल्या माळ्यावर औषधाच्या रिकाम्या खोक्यांमागं, कापडात बांधलेली सगळी वर्षं होती. अण्णांनी स्वतः बांधलेली. अक्षर असं की माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला दाखवावं. मालकाचं नाव, गाव, जनावरांची संख्या, लस, शेरा, सही किंवा अंगठा. दोन हजार दहाच्या मे महिन्यापासून पाहत गेलो. मायाक्का सिद्धाप्पा, वाडीचं नाव, अंगठा. सप्टेंबर, अंगठा. जानेवारी, अंगठा. तीन वर्षांत नऊ नोंदी, एकही चुकलेली नाही. बाकी सगळ्या कळपांच्या जानेवारीच्या ओळी कोऱ्या होत्या, कारण ते कळप पल्याड गेलेले. तुझीच ओळ भरलेली. मी मोठ्यानं हसले. अण्णांना वाटलं म्हातारीला काही झालं.

भाऊसाहेबांनी नकला पाहिल्या आणि म्हणाले हे माझ्या अधिकारातलं नाही, साहेबांपुढे मूळ रजिस्टरं घेऊन या. मुदतीला तीन दिवस. डॉक्टरांनी पत्र दिलं, शिपायाबरोबर रजिस्टरं आली, अण्णा धुतलेला सदरा घालून आले. नायब तहसीलदार साहेब चाळिशीचे असतील. पानं उलटली, तुझ्याकडे पाहिलं, पुन्हा पानं पाहिली.

"मावशी, हा अंगठा तुमचाच कशावरून?"

"मेंढरं कुनाची व्हती मग?"

"मी विचारतो ते सांगा. दोन हजार अकरा, पावसानंतरची लस. किती मेंढरं होती?"

मी डोळे मिटले. चौदा वर्षांपूर्वीचा आकडा कोण सांगेल? माझ्या पेन्शनचा परवाचा आकडा मला सांगता येत नाही. तू डोळे मिटले नाहीस. छताकडे पाहत बोटांवर कानडीत काहीतरी पुटपुटलीस. "एकशे सव्वीस. काळ्या तोंडाची धरून."

साहेबांनी ओळीवरून बोट फिरवलं. एकशे सव्वीस.

"त्याच्या आधीची, उन्हाळ्यातली?"

"एकशे एकवीस."

एकशे एकवीस. भाऊसाहेब खुर्चीवरून अर्धे उठून पाहायला लागले. साहेबांना आता चेव आला होता. "बाराचा मे?"

"एकशे अठरा."

साहेब थांबले. "इथं एकशे सतरा आहे."

संस्कृतीनं माझं मनगट धरलं. एका मेंढरावर मुलीचं कॉलेज जातंय की काय!

तू मात्र जागची हलली नाहीस. उलट तुलाच राग आला. "अठरा व्हती. सतरास्नी टोचलं. एक त्याच सकाळी व्याली व्हती, हे अन्नाच म्हनले, हिला नको टोचाया. इचारा की त्येंला, हितंच बसल्यात."

अण्णा म्हणाले, "शेऱ्याचा रकाना बघा साहेब."

साहेबांनी रजिस्टर डोळ्यांजवळ नेलं आणि अण्णांचं ते मोत्यासारखं अक्षर मोठ्यानं वाचलं. "एक मेंढी त्याच दिवशी व्यालेली, सबब वगळली."

मग साहेब हसले, भाऊसाहेब हसले, दारातला शिपाईसुद्धा हसला. भाऊसाहेबांनी तरी शेवटचा खडा टाकलाच. "साहेब, मेंढरं इथं होती हे ठरलं. मुलगी इथं होती कशावरून?"

"तीन वर्साची पोर," तू त्यांच्याकडे वळून म्हणालीस, "काय कर्नाटकात बांदून ठिवली व्हती? तुमची लेकरं कुटं असत्यात हो सायेब, कामावर आल्यावर?"

साहेब म्हणाले, "अज्ञान मुलाचं वास्तव्य आईबापाबरोबर धरतात, भाऊसाहेब. लिहा." आणि मला उद्देशून म्हणाले, "बाई, इतका चोख पुरावा लाईट बिलवाले पण देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दाखला हातात आला. भाऊसाहेब देताना म्हणाले, "आता मावशी, मेंढरांचंही डोमिसाईल काढून टाका."

"त्येंचं कवाच निघालंय," तू म्हणालीस. "तुमच्या टेबलावर पडलंय."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. यादी लागली तेव्हा सोलापूरच्याच सरकारी कॉलेजात संस्कृतीचं नाव. माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. मी पेढे घेऊन सगळ्या सोसायटीत फिरले, ज्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हते त्यांच्याही दारात गेले. तुला फोन लावला तर तू रानात. मी बातमी सांगितली आणि फोनमधून तू जी आरोळी ठोकलीस, तिच्यामागोमाग शंभरेक मेंढरांची पळापळ मला ऐकू आली. त्यांना गोळा करायला तुला अर्धा तास लागला, हे संस्कृतीनं नंतर सांगितलं. वीस वर्षांपूर्वी मला बुजत्यात म्हणून दटावलं होतंस ना? असो.

वसतिगृहात तिला सोडायला तू आलीस त्या दिवशीचं लिहायचं राहत होतं. पांढरा कोट घालून ती जिन्यावर गेली, वळून पाहिलं, आणि गेली. तू डोळ्याला पदर लावलास, पण एकदाच. नंतर फाटकाशी विचारलंस, "बाई, आता हिला कुटली म्हनायचं?"

"महाराष्ट्राची. कागद आहे."

"हिचा बा?"

"तो वाडीतच जन्मला. तोही महाराष्ट्राचाच."

"आन मी?"

मी उत्तर देणार होते. कर्नाटकात जन्मलीस, इथं नांदलीस, तेवीस वर्षं झाली. पण तुला माझं उत्तर नको होतं. "मलाबी काढून द्या की एक. नऊ अंगठं माजं हायत. पोरीला मिळालं, मला न्हाय."

"तुला काय करायचाय? तुला कुठं ॲडमिशन घ्यायचीय?"

"घ्यायची न्हाय. पिशवीत ठिवायचाय."

मी तुझा अर्ज त्याच आठवड्यात भरला. सगळ्या नकला जोडल्या, अण्णांनी पुन्हा सह्या आणून दिल्या. राहिला फक्त फोटो. नवी पेठेत जाऊन तुझा एक फोटो काढायचा, एवढंच. सोमवारी यायचं ठरलं, सोमवारी तुला बाजार निघाला. गुरुवार ठरला, गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. मग म्हणालीस, पितृपक्षात नको. मग नवरात्रात माझ्याकडं पाहुणे. दिवाळी झाली आणि मी फोन केला तर तुझी मेंढरं सीमा ओलांडून गेलेली. "आता मृगालाच, बाई," तू म्हणालीस.

अर्ज खणात आहे. चिकटवायची जागा कोरी आहे.